आवडत्या हॉटेलचं तैलचित्र आणि त्यातले जोड

पेट किंवा नेट पार करून तुम्ही पीएचडीच्या मुलाखतीला जाता, तेव्हा "हाच विषय का?" हा प्रश्न ठरलेला असतो. बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं असतं: "मला पहिल्यापासून आवड आहे." मग समोरून येतं, "आवड कळली, पण प्रश्न काय आहे?" इथे भले भले अडखळतात.

आवडीच्या गोष्टीवर संशोधन करावं का? करावं, पण आवड आपल्या निरीक्षणाचं नेमकं काय करते हे आधी माहीत हवं. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात यावर 'पूर्वग्रह' नावाचा एक मुद्दा असतो, पाच मार्कांचा. तो पाठ होतो, पण दिसत नाही. म्हणून आज एक चित्र घेतोय. चित्रकाराने वर्षानुवर्षं ज्या हॉटेलात जाऊन जेवण केलं, गप्पा मारल्या, त्याच हॉटेलचं हे तैलचित्र आहे. फ्रेंच चित्रकार प्येअर ओग्यूस्त रेन्वार, चित्र 'लंचन ऑफ द बोटिंग पार्टी', काळ 1880–81. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शन या संग्रहालयात आहे. मोबाइलवर शोधा आणि वाचताना उघडं ठेवा. मोठ्या रिझोल्यूशनची प्रत मिळाली तर उत्तम.

हॉटेल कोणतं

पॅरिसच्या पश्चिमेला सेन नदीवर शातू नावाचं गाव आहे. तिथल्या बेटावर आल्फाँस फूर्नेझ या माणसाने 1857 मध्ये होड्या भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला. होड्या आल्या की भुकेली माणसं आली, म्हणून रेस्टॉरंट आलं, वर राहायच्या खोल्याही आल्या. पॅरिसहून या बाजूला येणारी रेल्वे 1837 पासून होती. त्यामुळे रविवारी सकाळी निघायचं, दिवसभर वल्हवायचं, जेवायचं आणि रात्री घरी परतायचं, हे कारकुनापासून बँकवाल्यापर्यंत सगळ्यांना जमायचं. लेखक मोपासाँही इथला नेहमीचा. त्याच्या एका कथेतलं नदीकाठचं रेस्टॉरंट याच जागेवरून घेतलेलं आहे, नाव तेवढं बदललेलं.

रेन्वारचं इथलं येणंजाणं जुनं होतं. 1875 मध्ये त्याने मालकाचं, म्हणजे थोरल्या फूर्नेझचं, पाइप ओढतानाचं चित्र काढलं. त्याच वर्षी इथल्याच जेवणाचं एक लहान चित्र केलं. 1879 मध्ये मालकाच्या मुलीचं, आल्फाँसीनचं चित्र केलं. 1881 मध्ये याच परिसरातल्या गच्चीवर बसवलेल्या दोन मुलींचं चित्र आलं. आपण ज्याबद्दल बोलतोय ते मोठं चित्र या सगळ्यांच्या मधोमध येतं.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचं वाटेल. एकाच जागी, काही वर्षांच्या अंतराने, पुन्हा पुन्हा केलेली निरीक्षणं. एखाद्या तळ्यावर सलग दहा वर्षं पक्षी मोजायला जाणारा माणूस हेच करतो. आवडीचा पहिला आणि खरा उपयोग हाच आहे: ती तुम्हाला त्याच ठिकाणी परत नेते. फेलोशिप वेळेवर येत नाही, उपकरण बंद पडतं, तेव्हा तुम्ही परत जाता ते आवडीमुळेच.

चौदा माणसं, एक दुपार?

आता चित्र नीट बघा. पट्ट्यांच्या छताखाली गच्ची. जेवण उरकलंय. टेबलावर बाटल्या, ग्लास, द्राक्षं, फळांचं भांडं, चुरगळलेले रुमाल. डावीकडे फुलांची टोपी घातलेली तरुणी एका छोट्या कुत्र्याशी लाडाने बोलतेय. ती आलीन शारिगो, शिवणकाम करणारी, पुढे रेन्वारची बायको झाली. तिच्या मागे कठड्याला टेकून बिनबाह्यांच्या बनियनमध्ये उभा असलेला दणकट माणूस म्हणजे मालकाचा मुलगा. उजवीकडे तसाच बनियन घालून खुर्चीवर उलटा बसलेला तरुण म्हणजे चित्रकार काय्बोत. मागे उंच काळी हॅट घातलेला शार्ल एफ्रुसी, श्रीमंत कलासंग्राहक. ही नावं चित्रावर लिहिलेली नाहीत. नंतरच्या अभ्यासकांनी ती जुळवली आणि एखाद-दुसऱ्या नावावर अजून वाद आहे. म्हणून कुठेही लिहिताना 'असं मानलं जातं' हे शब्द खायचे नाहीत.

पहिल्या नजरेत वाटतं, काय छान दुपार पकडलीय! जणू फोटोच. इथेच थांबा आणि एक छोटा प्रयोग करा. चौदा माणसांपैकी ज्यांची नजरेला नजर भिडलीय अशा जोड्या शोधा. आलीन कुत्र्याकडे बघतेय. तिच्या मागचा माणूस सगळ्यांच्या पलीकडे बघतोय. मधोमध ग्लास ओठाला लावलेली बाई ग्लासच्या वरून कुठेतरी बघतेय. मागची एक तरुणी दोन्ही हात कानांशी नेऊन उभी आहे, दोघं तिच्याशी बोलतायत आणि ती भलतीकडेच. एवढी गर्दी आणि एवढ्या गप्पा असूनही भिडलेली नजर सापडता सापडत नाही.

कारण साधं आहे. ही माणसं एका दुपारी एकत्र बसलेलीच नव्हती. काम काही महिने चाललं. ज्याला जसं जमेल तसा तो यायचा, बसायचा, जायचा. कोणी यायचं राहून जायचं, खर्च वाढत होता, आणि चाळिशीला टेकलेल्या रेन्वारने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात हे काम पुरं होईल की नाही याचीच काळजी व्यक्त केली आहे. 'एक दुपार' अशी कुठली दुपार घडलीच नाही. ती कॅनव्हासवर जोडून तयार केलेली आहे.

जोड कसे बुजवले

समीक्षक म्हणून माझं मत असं की चित्राचं मोठेपण नेमकं इथेच आहे. नजरा जी जोडणी करत नाहीत, ती रंग आणि रेषा करतात. कठड्याची तिरकी रेघ डावीकडून आत जाते आणि माणसांचे हात, टेकलेली कोपरं, वाकलेल्या पाठी तिला धरून चालतात. गवती टोप्यांचा पिवळा रंग चित्रभर उड्या मारत जातो, त्याच्या मागे डोळा जातो. पुढच्या टेबलाचं पांढरं, दोन बनियनांचं पांढरं आणि ग्लासांवरची चमक यांचा एक त्रिकोण होतो. आणि ते पांढरं झूम करून बघा. त्यात निळा आहे, गुलाबी आहे, पिवळट आहे. निखळ पांढरं फार थोडं.

आणि वरचं छत. केशरी-लाल पट्ट्यांचं ते छत हा चित्राचा सगळ्यात हुशार भाग आहे असं मला वाटतं. मागे उघडी नदी आणि उजेड असताना पुढचे चेहरे काळवंडायला हवेत. छत आल्यामुळे मागचा झगमगाट कापला गेला, कापडातून गाळून आलेला उबदार उजेड चेहऱ्यांवर आला आणि उघड्या गच्चीची एक खोली झाली. सुटी सुटी माणसं एका छपराखाली आली, शब्दशः.

गंमत म्हणजे हे छत मुळात नव्हतं. तपासणीत दिसलं की आधी वरपर्यंत निसर्गदृश्य रंगवलेलं होतं, छत नंतर आलं.

हे कसं कळतं ते सांगतो, कारण इथे आपला विषय येतो. तैलरंग म्हणजे वाळणाऱ्या तेलात घोटलेली रंगद्रव्याची पूड. असं नेहमीचं तेल म्हणजे जवसाचं, आपल्या चटणीतलंच जवस. पाण्याचा रंग वाळतो तेव्हा पाणी उडून जातं. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळं बनतं. या क्रियेला दिवस लागतात, जाड थराला आठवडे. म्हणजे आज रंगवलेला हात उद्या खरवडता येतो, पुढच्या आठवड्यात त्यावर दुसरा हात काढता येतो, आणि जुना थर खाली तसाच राहतो. तैलचित्र हे असं थरांनी साठत जातं.

त्यात तेव्हाच्या नेहमीच्या पांढऱ्या रंगात शिसं असायचं. शिशाचा अणुक्रमांक 82, क्ष-किरण अडवायला पटाईत. त्यामुळे एक्स-रे काढला की वरच्या थराखालचे पांढरट आकारही उमटतात. इन्फ्रारेड किरणं पुष्कळ रंगद्रव्यांतून आरपार जातात आणि कार्बनच्या काळ्याने शोषली जातात, म्हणून त्या पद्धतीने वेगळी माहिती मिळते. दोन पद्धतींच्या प्रतिमा शेजारी ठेवायच्या आणि कुठला थर आधी, कुठला नंतर हे लावत जायचं. वहीत खाडाखोड करून पान स्वच्छ उतरवलं तरी खालच्या पानावर पेनाचा दाब उमटतो, तसं काहीसं.

म्हणजे आपल्याकडे दोन गोष्टी आहेत. एक, वरून दिसणारी अखंड दुपार. दोन, आतून दिसणारे महिन्यांचे बदल. चित्रकाराचं कसब पहिलीत आहे आणि संशोधकाला हवी असते दुसरी.

तीच नटी, दुसरं हॉटेल

कोणी म्हणेल, जोडून का असेना, पण त्या हॉटेलातलं वातावरण तर खरं आहे ना? लोक आनंदात होते हे तर दिसतंय ना?

मधोमध ग्लास ओठाला लावलेल्या त्या बाईकडे परत या. ती एलेन आँद्रे, रंगभूमीवरची नटी, असं मानलं जातं. आता एदगार देगाचं 'अ‍ॅबसिंथ' उघडा, 1875–76 मधलं, आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. पॅरिसच्या पिगाल भागात 'नुव्हेल आतेन' नावाचा कॅफे होता, चित्रकारांचा अड्डा. तिथे एक बाई बसलीय, खांदे पडलेले, नजर शून्यात, पुढ्यात हिरवट दारूचा ग्लास. शेजारचा पुरुष दुसरीकडेच बघतोय. ही बाई म्हणजे तीच एलेन आँद्रे. शेजारचा पुरुष देगाचा मित्र, चित्रकार देबुतँ. दोघांना कॅफेत न बसवता स्टुडिओत बसवून चित्र केलं होतं. 1893 मध्ये ते लंडनला लागलं तेव्हा लोक खवळले, दारूचं आणि अधःपाताचं चित्र म्हणून. आणि देबुतँ दारुडा नाही, हे सांगायची वेळ देगावर आली.

मांडणी बघा. देगाने पुढची टेबलं रिकामी ठेवलीत, नागमोडी, आणि दोघांना वरच्या उजव्या कोपऱ्यात सरकवलंय. रेन्वारने पुढचं टेबल भरून टाकलंय आणि माणसं कडेपर्यंत खच्चून बसवलीत. दोन्हीकडे नजरा जुळत नाहीत. एकीकडे तो एकटेपणा वाटतो, दुसरीकडे आपण तो मौजेत विसरून जातो. एकच नटी, दोन्ही वेळा ठरवून दिलेली पोज, आणि निष्कर्ष दोन टोकांचे.

यातून एवढंच सिद्ध होतं: चित्रातल्या मूडवरून हॉटेलच्या मूडबद्दल विधान करता येत नाही. 'एकोणिसाव्या शतकात नदीकाठची हॉटेलं आनंदी होती, पाहा रेन्वार' असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये आलं तर गाइडने लाल पेन काढायला हवा. मात्र काही विधानं करता येतात. त्या काळी वल्हवणारे बिनबाह्यांचे बनियन आणि गवती टोप्या घालत, हे इतर साधनांशी ताडून सांगता येईल. उंच हॅटवाला आणि बनियनवाला एका गच्चीवर असणं चित्रकाराला विचित्र वाटलं नाही, हेही सांगता येईल. पुरावा कशाचा आहे हे आधी ठरवायचं, मग तो वापरायचा.

आवडीने काय झाकलं

आता माझी तक्रार. या चित्रात जेवण आहे, पण जेवण आणणारं कोणी नाही. एकही वेटर नाही, उष्टी ताटं उचलणारी बाई नाही, मुदपाकखान्याचं दार नाही, बिलाचा कागद नाही. मालकाची दोन मुलं आहेत, पण पाहुण्यांसारखी कठड्याला टेकलेली. होड्या नदीत ढकलायच्या, गिऱ्हाईकांना चढवायचं-उतरवायचं हा ज्याच्या घरचा धंदा, त्याचे दंड दिसतात, धंदा दिसत नाही. आल्फाँसीनही हनुवटी हातावर टेकून ऐकत बसल्यासारखी.

रेन्वारने हे लबाडीने केलं असं मी म्हणत नाही. नेहमीच्या गिऱ्हाईकाला हॉटेल असंच दिसतं. तुमच्या लाडक्या इराण्याकडे किंवा कॉलेजजवळच्या अमृततुल्यात बसून बघा. बन-मस्का टेबलावर येतो एवढंच आपल्याला आठवतं. पहाटे दूध कोण उतरवतं, मोरीत कप कोण विसळतं, हे विचारलं तर सांगता येत नाही, आणि तरी आपण छातीठोकपणे म्हणतो, मला ते हॉटेल आतून-बाहेरून माहीत आहे. आवडीमुळे आपली खुर्ची ठरून जाते आणि त्या खुर्चीतून जे दिसतं तेवढंच आपलं फील्ड होतं.

म्हणून समीक्षक म्हणून मी या चित्राला दाद देतो आणि तरीही म्हणतो की मैत्रीचं चित्र म्हणून ते जितकं भरलेलं आहे, हॉटेलचं चित्र म्हणून तितकंच अर्धवट आहे.

रंगाबद्दल बोलण्याआधी

अजून एक सावधगिरी, खास विज्ञानवाल्यांसाठी. रेन्वारचंच 1883 मधलं मादाम क्लापिसाँ या बाईंचं व्यक्तिचित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्याची पार्श्वभूमी निळसर, थंड. त्या थंडपणावर कोणीही सुंदर परिच्छेद लिहू शकला असता. पण चौकट काढल्यावर तिच्याखाली झाकलेल्या कडेला झगझगीत लाल रंग दिसला. रिचर्ड व्हॅन डाइन यांच्या गटाने सरफेस एन्हान्स्ड रामन स्पेक्ट्रोस्कोपी वापरून तो ओळखला. ही पद्धत म्हणजे चांदीच्या अतिसूक्ष्म कणांजवळ रेणू ठेवला की त्याचा क्षीण संकेत कितीतरी पटींनी वाढतो, त्यामुळे डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा नमुना पुरतो. तो रंग निघाला कारमाइन, कोशनील किड्यापासून मिळणारा. उजेडाने उडतो. जिथे चौकटीची सावली होती तिथे टिकला, बाकीच्या जागी फिका पडला. 2014 मध्ये मूळ रंग कसे असतील याची डिजिटल प्रतिमाही लोकांसमोर आली.

याचा अर्थ बोटिंग पार्टीच्या चित्रातले रंगही उडालेत असा नाही. दुसऱ्या चित्राचा निकाल या चित्राला लावणं हीही चूकच. अर्थ एवढाच की 'रेन्वारने थंड रंग निवडला' आणि 'आज रंग थंड दिसतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं तुम्ही डोळ्यांनी लिहू शकता. पहिलं लिहायला प्रयोगशाळेत जावं लागतं.

मग तुम्ही काय करायचं

वेगवेगळ्या दिवशी आलेली माणसं रेन्वारने एका दुपारी बसवली आणि जोड बुजवले. तो चित्रकार होता, त्याला ती मुभा होती. आपण तेच केलं तर काय होतं? मंगळवारचं सॅम्पल आणि पुढच्या महिन्यातलं सॅम्पल एकाच आलेखात टाकून गप्प बसलो, तर त्याला गैरव्यवहार म्हणतात. तेच दोन संच एकत्र टाकले आणि पद्धतीच्या प्रकरणात तारखा, बॅच, बदललेली अट स्पष्ट लिहिली, तर ते संशोधन होतं. कृती जवळपास सारखीच, फरक एवढाच की आपण जोड दाखवतो. सामाजिक शास्त्रांतही हेच. पाच मुलाखती मिळून एक 'प्रातिनिधिक' माणूस उभा करत असाल, तर तो पाच जणांचा आहे हे वाचकाला कळलंच पाहिजे.

विषय आवडीचाच घ्या. फक्त सिनॉप्सिसला बसण्याआधी एका कोऱ्या पानावर तीन गोष्टी लिहा. पहिली: या विषयाकडे मी कुठल्या खुर्चीतून बघतोय, आणि तिथून काय दिसत नाही? दुसरी: माझ्या डेटातली 'एक दुपार' खरोखर किती दिवसांची आहे? तिसरी: माझा कुठला शब्द डोळ्यांनी लिहिलाय आणि कुठल्या शब्दाला मोजमाप लागेल?

फूर्नेझचं हॉटेल 1906 मध्ये बंद पडलं, बरीच वर्षं पडीक राहिलं, मग दुरुस्त होऊन 1990 मध्ये पुन्हा उघडलं. आज तिथे त्याच गच्चीवर बसून जेवता येतं. कधी जाणं झालंच तर कठड्याकडे पाठ करून बसा. तिथून मुदपाकखान्यातून ये-जा करणारी माणसं दिसतील. रेन्वारच्या चित्रात नसलेला भाग तिकडे आहे आणि एखाद्याच्या प्रबंधाचा विषयही कदाचित तिकडेच असेल.